रात्रीचा सौदा

आबांची गोळी मीच देते.
राजारामपुरीच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांना देते,
ही एक घरी आणून.
पाच मिलिग्रॅम, जेवणानंतर, रात्री.
पाकिटावरचं नाव आबांच्या जिभेवर बसत नाही,
ते तिला 'तोलाईची' म्हणतात.
का, हे त्यांनाही आता सांगता येत नाही.

केरबा चौगले, तोलाईदार,
मार्केट यार्डात एकोणचाळीस वर्षं गुळाच्या काट्यापाशी उभे.
सौद्याला चाळीस माणसं एकदम ओरडत,
अडते, हमाल, गाडीवान, मधेच एखादं कुत्रं,
आणि आबा त्यातला एकच आकडा ऐकत,
समोरच्या रव्याचा.
बाकीचा गलका त्यांच्या कानाबाहेर
चपला काढून उभा असायचा.

हे कशानं होतं ते मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला शिकले,
चार मार्कांना लिहिलंही:
मेंदूच्या पुढच्या भागात, तळाशी, पेशींचं एक एवढंसं ठाणं.
तिथून निघालेल्या तारा मेंदूच्या सालीभर पसरतात
आणि जिथं लक्ष द्यायचं तिथं अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात.
मग हवा तो आवाज वर येतो, नको तो खाली बसतो.
काम झालं की दारातच फोडणारा उभा,
डोळ्याचं पातं लवायच्या आत रवा फोडतो,
रिकामं बारदान मागं जातं, पुन्हा भरायला.
पैकीच्या पैकी पडले होते.
आबांनी गुणपत्रिका वाचली नाही,
तळहातावर धरून बघितली.

आता त्या ठाण्यातली माणसं उठून चाललीत
एकेक, कुणाला न सांगता.
गोळी नवीन माणसं आणत नाही.
ती फक्त दारातल्या फोडणाऱ्याला बोलण्यात गुंतवते,
जे थोडं आलंय ते जरा जास्त टिकावं म्हणून.
गिऱ्हाइकांना मी हे इतकं सरळ सांगत नाही.

तिसऱ्या आठवड्यात स्वप्नं सुरू झाली.

दिवसा आबा मला "ओ बाई" म्हणतात,
चहा पीत पीत चहा झाला का विचारतात.
रात्री दोनला मात्र खोलीत यार्ड भरतं.
"रवा सरळ ठेव रं!
काट्यावरचा हात काढ आधी!"
पापण्यांखाली डोळे या अडत्याकडून त्या अडत्याकडं.
वडणग्याचा माल, तीस किलो, पाव कमी.
आकडा एकदाही अडखळत नाही.
मी जुन्या बिलांच्या पाठीवर लिहून घेते,
दिवा न लावता, ओळीवर ओळ चढते.

डॉक्टर नेजदार म्हणाले,
गोळी सकाळी द्या.
स्वप्नाच्या झोपेत हे रसायन तसंही भरतीला असतं,
तुम्ही त्यात आणखी ओतताय.
मी मान हलवली.
आणि आठ रात्री रात्रीच दिली.

नाडी मोजत होते. साठच्या खाली जाऊ दिली नसती.
हे मी कुणाला सांगत्येय कोण जाणे.

आठव्या रात्री खाटेच्या कडेवर बसले होते.
"शालन! उतर खाली काट्यावरनं!"
शाळा सुटली की मी तिथंच जाऊन बसायची,
ते चारचौघांत खेकसायचे
आणि मग कुणी बघत नसताना वजन सांगायचे.
मी खरंच उतरले.
फरशी गार होती.
"साडेसतरा," आबा म्हणाले
आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवसापासून गोळी सकाळी, भाकरी-दुधानंतर.
रात्री आता पंखा ऐकू येतो,
पलीकडच्या गल्लीतलं रिक्षाचं इंजिनसुद्धा.

"ही कसली?" ते रोज विचारतात.
"तोलाईची."
मग गोळी तळहातावर घेऊन
हात किंचित वर, किंचित खाली.
"कमी भरतीय," म्हणतात,
आणि गिळतात.